लिंबाच्या पट्टीतली येळवस

रिक्षावाल्याने मला जिथे उतरवलं तिथून तीन गल्ल्या फुटत होत्या आणि तिन्ही सारख्याच होत्या. दोन्ही अंगांना दुमजली घरं, फाटकावर गणपतीची फरशी, गच्चीवर काळ्या टाक्या, दारात कापड घातलेल्या मोटारी.

"जळोचीच ना हे?" मी विचारलं.

"मग! तुमाला कुठं जायचंय?"

मला मंगलच्या बिल्डिंगमध्ये जायचं होतं. पिशवीत मुलीच्या लग्नाची पत्रिका होती, कुंकवाचं बोट लावलेली. सकाळी निमगाव केतकीहून एसटीत बसले तेव्हा वाटलं होतं, आपल्याच गावाला जायचंय, पत्ता काय विचारायचा? आता उन्हात उभं राहून घशाला कोरड पडली होती. मंगलला फोन केला असता तर ती धावत खाली आली असती. पण फोन करवत नव्हता. ही गल्ली, शेजारची आणि तिच्या पलीकडची, ही सगळी मिळून आमची लिंबाची पट्टी होती. आपल्याच रानात पत्ता विचारायचा म्हणजे कसंतरीच वाटत होतं.

मी मधल्या गल्लीत शिरले.

लिंबाच्या पट्टीत आम्ही कारली करायचो. तारांवर चढवलेल्या वेलांचा मांडव, आणि मांडवाखाली हिरवा, ओलसर अंधार. बाहेर ऊन कितीही रखरखत असलं तरी आत शिरलं की कुणी थंड हात कपाळावर ठेवल्यासारखं व्हायचं. पिवळ्या फुलांवर माश्यांची गुणगुण सुरू असायची. कारली तोडून आलेल्या हातांना जो वास यायचा तो साबणाने जात नसे. आबा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की त्यांच्या हातातल्या भाकरीलाही तो हिरवट कडू वास असायचा. मला तो आबांचाच वास वाटायचा. माल बारामतीच्या मंडईत जायचा. बारामती तेव्हा 'तिकडे' होती, आणि मधे नुसतं रान होतं.

आधी तिकडचा उजेड आला. संध्याकाळी पट्टीच्या वरच्या अंगाला आभाळ पिवळं दिसायला लागलं. मग कंपन्यांचा भोंगा ऐकू यायला लागला आणि आई त्याच्यावर कुकर लावायला शिकली. मग खडी वाहणारे ट्रॅक्टर, मग काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राची घरघर. एका उन्हाळ्यात पट्टीत प्लॉटसाठी चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. ते का झालं, कुणी ठरवलं, घरात कोण काय बोललं, ते आता उगाळत नाही. मला आठवतो तो त्या फक्कीचा वास, आणि रेघेवरून पाय उचलून पलीकडे टाकणारे आबा. आपल्याच रानात ते रेघ पुसू नये म्हणून जपून चालत होते.

पट्टीच्या पूर्वेच्या कडेला, विहिरीजवळ, एक लहानसा तुकडा मागे राहिला होता. आबांनी त्यात शेवटचा मांडव घातला. आमच्या घराजवळच्या गोठ्याच्या जागी सहा खोल्या निघाल्या आणि त्यांत माणसं राहायला आली. कुणी सोलापूरकडचं, कुणी उत्तर प्रदेशातलं. बालाजी आणि मंगल लातूरकडचे. बालाजी कंपनीत होता. मंगल माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी, आणि तिची शिवानी चार वर्षांची. सगळे तिला शिवू म्हणत.

आमचा गोठा गेला, पण त्या खोल्यांना पावसाळ्यात जुन्या शेणामुताचा वास सुटायचा. भाडेकरू नाक मुरडायचे. मंगल मात्र म्हणायची, "लई बरं वाटतंय बाई. गावाकडं असल्यासारखं."

त्या वर्षी थंडीत ती आबांपुढे येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आबा, अवसेला आमच्याकडं येळवस असती. सगळं गाव त्या दिशी रानात जेवतंय. हितं आल्यापसून केलीच न्हाई. एवढा एक दिस तुमच्या रानात बसू का?"

आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे कुणी रान मागायला येऊन बरेच दिवस झाले होते.

"रान कुठं ऱ्हायलंय आता, पोरी," ते म्हणाले. "मांडवाची कड हाय तेवढी. बसा की."

आम्ही येळवस कधी पाहिली नव्हती. मंगलने कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून लहानशी खोप केली. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले. त्यांना चुना हवा होता. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि प्लॉटच्या रेघांसाठी आणलेल्या फक्कीच्या फाटक्या गोणीतून मूठभर घेऊन, पाण्यात कालवून त्या दगडांना फासली. आबा बघत होते. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

जेवण अजून जिभेवर आहे. दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली दाट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मातीच्या भांड्यातलं गार आंबील. सहाही खोल्यांमधली माणसं आली होती. बालाजी पहिली पाळी करून कपडे न बदलताच आला. जेवणं चालू असताना पाणंदीतून मेंढरांचा कळप गेला. धुळीला ऊन लागून ती सोन्यासारखी झाली होती. घंट्यांचा आवाज हळूहळू दूर गेला. मग बायकांनी भांडी उचलली. पुरुष सावलीला आडवे झाले. आबा बांधावर डोक्याखाली हात घेऊन झोपले. कितीतरी महिन्यांनी ते असे उघड्यावर झोपले होते.

मंगल कालव्याच्या चारीवर भांडी घासून परत आली आणि सहज म्हणाली, "शिवू तुमच्यापाशी हाय का?"

"नाही. तुमच्या मागेच आली ना ती?"

"न्हाई की."

एवढंच. पण तिच्या हातातलं पातेलं तिने खाली ठेवलं नाही, तसंच छातीशी धरलं, ते मला दिसलं.

आधी आम्ही मांडवात पाहिलं. वाकून, वेलांच्या ओळींतून, "शिवू, ए शिवू" म्हणत. हिरव्या अंधारात सगळीकडे पानंच हलताना दिसत. मग खोल्यांकडे पळालो. खोल्यांना कड्या होत्या. परत आलो तोवर पुरुष उठले होते. आबा डोक्याला मुंडासं बांधत होते.

"घाबरू नगा," आबा म्हणाले. "पोरगं हाय, जाऊन जाऊन जाईल कुठं? तुमी दोघं खालच्या ताली बघा. दत्तूच्या वाटणीत बी जावा. मी कुंभाराच्या टेकाडाकडं जातो."

खोल्यांमधले पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. खालच्या ताली कुठे होत्या? तिथे एक शाळा उठली होती. दत्तूच्या वाटणीत तीन बंगले होते. कुंभाराचं टेकाड सपाट होऊन त्याच्या मुरुमावरून नवा रस्ता गेला होता.

बालाजी म्हणाला, "मी सोळा नंबरच्या मागं बघून आलो, आबा. तितं न्हाई."

"सोळा नंबर म्हंजे कुठं रं?"

"ते निळं घर बांधायलेत बघा, त्याच्या मागं."

"निळं घर?"

दोघंही खरं बोलत होते आणि एकमेकांचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. सगळे पांगले. हाका ऐकू येऊ लागल्या, इकडून, तिकडून, भिंतींवर आपटून परत येणाऱ्या. रिकाम्या घरांत हाक मारली की ती मोठी होऊन येते. पाण्याचे हौद पाहिले. वाळूचे ढीग पाहिले. जिने चढून बिनकठड्याच्या गच्च्यांवर गेलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की निळ्या घराच्या मागे तीन वेगवेगळी माणसं तीनदा जाऊन आली होती, आणि चारीच्या पलीकडे अजून कुणीच गेलं नव्हतं.

मग माझ्या दादाने तो शब्द उच्चारला. "हिरीत बघितलं का?"

सगळ्यांच्या मनात तो असणारच. विहिरीचा कठडा प्लॉटिंगच्या वेळी एका बाजूने पाडला होता. पुन्हा बांधायचा राहिला होता. आम्ही काठावर गेलो. पाणी काळं, स्थिर. एका कडेला काहीतरी गुलाबी तरंगत होतं. शिवूच्या अंगात गुलाबी स्वेटर होता.

मंगल खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली.

दादाने सदरा काढला आणि उडी टाकली. तो आवाज, आणि नंतरची शांतता. विहिरीतल्या पारव्यांचा थवा फडफडत वर आला. दादा वर आला, त्याने ते गुलाबी हातात धरलं होतं. खताच्या पिशवीचा तुकडा होता. त्याने पुन्हा बुडी मारली. मग पुन्हा. दरवेळी तो खाली गेला की आम्ही सगळे श्वास धरायचो आणि तो वर आला की त्याच्या रिकाम्या हातांकडे बघायचो. शेवटी तो पायरीला धरून धापा टाकत म्हणाला, "तळाला हात लावून आलो. न्हाय हितं. न्हाय."

तरी कुणाला हायसं वाटलं नाही. विहिरीत नाही, तर मग कुठे? वरच्या अंगाला तो मोठा रस्ता होता, दिवसरात्र ट्रक जायचे.

मी मंगलला हाताला धरून उठवलं. "चला. चारीच्या पलीकडे बघू."

ऊन उतरत होतं. चारीच्या कडेने आम्ही जवळजवळ पळत होतो. मंगलच्या पायांत चप्पल नव्हती. वाटेत भेटेल त्याला विचारत होतो, "एवढीशी मुलगी बघितली का? गुलाबी स्वेटर?" सायकलवरचा माणूस मान हलवून गेला. रंगाचे डबे घेऊन चाललेली दोन पोरं म्हणाली, आम्ही आत्ताच आलोय. एका घराच्या खिडकीतून बाईने पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

चारी जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे, पुलाच्या कठड्याला टेकून, एक धनगरीण बसली होती. पाठीला बोचकं. मांडीवर शिवू, आणि शिवूच्या मांडीवर एक काळं कोकरू. शिवू त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. मागून ट्रक चालले होते, त्यांच्या वाऱ्याने दोघींचे केस उडत होते.

मंगलने पोरीला ओढून घेतलं. पोरीला मारायला हात उचलला, आणि तो हात तिने स्वतःच्या तोंडात घातला.

"कळपामागनं चालत आली बाई," धनगरीण म्हणाली. "आमाला बी लई उशिरा दिसली. मेंढरं पुढं गेली, म्या मागं ऱ्हायले. येईल त्याला इचारलं, ह्ये लेकरू कुणाचं? ज्यो त्यो म्हणतोय, आमी हितलं न्हाय, आमी हितलं न्हाय." तिने कोकरू काखेत मारलं आणि उठली. "मग हितलं हाय तरी कोण, म्हंते मी."

मी तिला पाणी प्यायला तरी चल म्हणाले. पण तिला अंधाराच्या आत कळप गाठायचा होता. ती रस्ता ओलांडून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

आम्ही परतलो तेव्हा माणसं धावत आली. बालाजी लेकीला उचलून घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आई खोपीपाशी पाच दगडांपुढे वाकली. हाका मारून बाकीच्यांना बोलावलं. एकेक जण येत होता, हसत होता, कपाळ पुसत होता. दिवस मावळला. तेवढ्यात वीज गेली. तेव्हा रोजच जायची.

आणि आई म्हणाली, "आबा कुठं हायत?"

आधी कुणी मनावर घेतलं नाही. आबा काय हरवणार आहेत? इथेच जन्मलेला माणूस. डोळे बांधून सोडलं तरी घरी येईल. पण बराच वेळ गेला आणि ते आले नाहीत. दादा एकीकडे गेला. मी दुसरीकडे निघाले तशी मंगल शिवूला कडेवर घेऊन माझ्याबरोबर आली. मी नको म्हणाले तरी आली.

उजेड जेमतेम होता. अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगा, चौकटी बसवलेल्या पण दारं नसलेल्या. ओल्या सिमेंटचा गार वास. या गल्लीतून त्या गल्लीत, परत त्याच गल्लीत. मी हाक मारली, "आबा!" तर माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ते एका गल्लीच्या मध्यावर उभे होते. मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं. ते एका टोकाकडे चार पावलं गेले, थांबले, वळले, दुसऱ्या टोकाकडे तेवढीच पावलं गेले. मग पुन्हा थांबले. एका भिंतीला हात लावून पाहिला, जसा आपण अंधारात खोलीची भिंत चाचपतो.

मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मंगलकडे पाहिलं. त्या डोळ्यांत ओळख नव्हती. भीती होती. आमच्या घरात सगळे ज्यांना भ्यायचे त्या आबांच्या डोळ्यांत.

"बाई," ते मंगलला म्हणाले, अगदी नरम, परक्याशी बोलावं तसे. "जरा सांगता का? जळोचीला कुठनं जायचं?"

ते उभे होते ती जागा जळोची होती. लिंबाची पट्टी होती. त्यांच्या पायाखाली त्यांनीच नांगरलेली माती होती, नुसती वरून मुरुमाने झाकलेली. मी म्हणणार होते, "आबा, अहो, हे आपलंच..." तोच मंगलने माझं मनगट दाबलं.

"मीबी तिकडंच निघालेय," ती म्हणाली. "चला की संगं."

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढे चालायला लागली, सावकाश, मागे न बघता. आबा तिच्या मागे. मी आबांच्या मागे. शिवू आईच्या खांद्यावरून आबांकडे टकमक बघत होती. गल्ली संपली, दुसरी लागली. चारीवरून आलो. मग आमच्या खोल्यांजवळ तो जुना वास आला, गोठ्याचा, आणि आबांचं चालणं बदलल्याचं मला मागून दिसलं. पाठ ताठ झाली. त्यांनी मुंडासं नीट बांधलं. घसा खाकरला.

"पोरगी घावली न्हवं?" ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"घावली आबा," मंगल म्हणाली.

"मी म्हणलंच हुतं. जाती कुठं?"

अंगणात सगळे जमले होते. त्यांनी आबांना विचारलं, कुठं होता? आबा म्हणाले, "बघत हुतो की, पार त्या टोकापातुर." मंगलने मान डोलावली. मी ताटं घ्यायला आत गेले. त्या रात्री जेवताना आबांच्या हाताला कारल्याचा वास होताच, पण भाकरी अर्धी टाकून ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर गेले आणि पडलेल्या कठड्याचे दगड स्वतः रचायला बसले. बालाजी त्या दिवशी कंपनीत न जाता तिकडेच गेला. दोघं दुपारपर्यंत दगड लावत होते. कठडा वाकडातिकडा झाला, पण झाला.

त्यानंतर आबा त्या गल्ल्यांमध्ये एकटे कधी गेले नाहीत. जायचं झालं की मंगलच्या खोलीपाशी थांबून विचारायचे, "शिवू मोकळी हाय का?" आणि ती चार वर्षांची पोर त्यांचं बोट धरून पुढे चालायची. लोकांना वाटायचं, म्हातारा नातीसारखा लळा लावतोय. ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. निमगावला पानमळे आहेत. पानमळ्यातही तसाच हिरवा अंधार असतो, पण वास तिखट, ओला. पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मला रडू आलं आणि सासूबाईंना वाटलं, करमत नाही म्हणून. आबा गेले. आई गेली. गाव नगरपालिकेत गेलं. दादाने घर विकलं आणि तो पुण्याला वाघोलीच्या बाजूला राहायला गेला. सणाला तो मला तिकडे बोलावतो. चौथ्या मजल्यावर, लिफ्टने. दादा आहे, वहिनी आहे, पण बस जळोचीच्या फाट्याजवळून गेली की मी खिडकीतून बघायचं टाळते.

आणि मंगल इथेच राहिली. खोलीतून खोलीत, मग या बिल्डिंगमध्ये स्वतःचं घर. शिवानी दवाखान्यात नर्स आहे. हे सगळं मला फोनवरून माहीत. मी कधी आले नव्हते. आज पत्रिका दारातून द्यायची आणि पुढच्या गाडीने परत फिरायचं, असं मनाशी ठरवूनच निघाले होते.

मधली गल्ली संपली. डाव्या हाताला चार मजली बिल्डिंग होती. खालच्या पाट्यांत बालाजीचं नाव दिसलं. दुसरा मजला चढले. दार मंगलनेच उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तीच.

"अगं माय!" ती म्हणाली. "एकटीच आलीस? फोन करायचा की!"

मी उभ्यानेच पत्रिका पुढे केली. "लग्नाला यायचं हं सगळ्यांनी. बसत नाही आता, गाडी आहे."

तिने पत्रिका कपाळाला लावली, देवापुढे ठेवली आणि माझा हात धरून मला पाटावर बसवलं. मी नको नको म्हणत होते. ती आत गेली. डबे उघडल्याचा, ताटलीत तांदूळ ओतल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू होतं.

"हे कशाला, मंगलताई?"

"कशाला म्हंजे? लेक माहेराला आली. रिकामी धाडू व्हय?"

खालून गल्लीतून कुणाचा तरी आवाज येत होता, कुणी कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं. मंगलने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीत तांदूळ घेतले आणि ती थांबली.

मी पदर पसरला.